सोलापुरात बसून समुद्रातल्या पवनचक्क्यांची जागा शोधतोय, नकाशा कुठे गंडलाय?

माळावरचा_खलाशी

नमस्कार मंडळी. सोलापुरात एमएस्सी करतोय, जिओइन्फर्मेटिक्स. प्रोजेक्टचा विषय: महाराष्ट्राच्या समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायला योग्य जागा कोणत्या, ते जीआयएस (संगणकावर नकाशाचे थर एकावर एक ठेवायची पद्धत) वापरून शोधणे. विषय सांगितला की वर्गातली पोरं आधी हसतात, मग विचारतात, "का बे, सिद्धेश्वर तलावात बसवणार का?"

काम असं केलंय. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा समुद्र घेतला. चार लेयर: १०० मीटर उंचीवरचा वाऱ्याचा वेग (ग्लोबल विंड अॅटलास), पाण्याची खोली (गेबको, समुद्रतळाचा जागतिक नकाशा), किनाऱ्यापासूनचं अंतर आणि बंदरापासूनचं अंतर. प्रत्येकाला १ ते ५ गुण, चौघांना सारखं वजन, २५-२५ टक्के. खोलीला अट घातली की ५० मीटरपेक्षा कमी असेल तर पूर्ण गुण, कारण साधारण ५०-६० मीटरच्या पलीकडे तळात रोवलेला खांब परवडत नाही.

निकाल: अख्खा समुद्र हिरवागार. त्यातही जिथे पाणी दोन-दोन हजार मीटर खोल, तिथे गडद हिरवा, म्हणजे "अतिशय योग्य". सरांनी बघितलं आणि "रंग छान आलेत" म्हणाले. मला मात्र झोप नाही. सोमवारी सादरीकरण आहे. प्रश्न दोन: चूक कुठे आहे? आणि वजनं सारखी ठेवलेली चालतात का?

शेंगाचटणी

पहिला! बाकी विषयातलं मला काही कळत नाही, पण गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे वाऱ्यावर फिरवता आले तर बघा की.

उजनीकर

हसू नका रे पोराला. देशाचं अनन्य आर्थिक क्षेत्र किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे ३७० किलोमीटर आत जातं. सोलापूरहून रत्नागिरीचा किनारा सरळ रेषेत तीनशेच्या आत आहे. त्या क्षेत्राच्या पार टोकाची पवनचक्की किनाऱ्याला जितकी लांब, त्याहून आपण जवळ आहोत. तेव्हा सोलापूरकराचा समुद्रावर हक्क आहेच.

रास्टरराव

खलाशी, आधी प्रोजेक्शन तपास, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर कशी बसवलीस ते. माझा पहिला संशय कायम तिथेच जातो, कारण मी स्वतः त्यात एकदा साफ बुडालोय. नोकरीचं पहिलं वर्ष. बंदराभोवती ५ किलोमीटरचा बफर काढायचा होता. मी ऐटीत ५ टाकला आणि दाबलं. डेटा अक्षांश-रेखांशात होता, सॉफ्टवेअरने ५ अंश धरले. एक अंश म्हणजे एकशे दहा किलोमीटरच्या आसपास. मुंबई बंदराचा बफर घाट चढून सोलापूरच्या मार्केट यार्डाच्या पुढे गेला. साहेबांनी मोठ्या स्क्रीनवर बघितलं आणि शांतपणे विचारलं, "कांद्याच्या गाड्यांना आता बंदराचं शुल्क लावायचं का?"

दुसरं. तू सवयीने यूटीएम (सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांचं प्रोजेक्शन) झोन ४३ लावला असशील. आपण ७२ ते ७८ पूर्व रेखांशात, त्यामुळे सोलापूरची सगळी कामं ४३ मध्येच होतात आणि हात तिकडेच जातो. पण मुंबईपासून ८०-९० किलोमीटर समुद्रात गेलास की ७२ अंश ओलांडला. तिथून पुढचा समुद्र ४२ मध्ये. शिवेवरचं क्षेत्र असेल तर अंतरासाठी वेगळं प्रोजेक्शन घे.

माळावरचा_खलाशी

सर, बफर मीटरमध्येच आहे, दोनदा तपासला. झोन मात्र ४३ च लावलाय, तो बदलतो. पण त्याने खोल समुद्र हिरवा कसा होईल?

तळ_गाठलेला

गेबकोमध्ये खोली उणे असते. उणे २५०० हे ५० पेक्षा कमीच ना?

माळावरचा_खलाशी

...

दोन महिने. दोन महिने मी हे बघत होतो.

कडक_भाकरी

ही माणसं एका ओळीत उत्तर देऊन जातात आणि आपण तीन परिच्छेद वाचत बसतो. (रास्टरराव, राग मानू नका, मार्केट यार्डाचा किस्सा झकास होता.)

माळावरचा_खलाशी

मंडळी, केलं दुरुस्त. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये चिन्हच काढून टाकलं, सगळे आकडे धन केले आणि पुन्हा चालवलं. खोल समुद्र लाल झाला, छान. पण आता अलिबागची भातखाचरं, गुहागरच्या नारळीच्या वाड्या आणि निम्मी वसई "अतिशय योग्य" आलीय.

शेंगाचटणी

😂😂 आता "अलिबागहून आलायस का" असं विचारायची सोय राहिली नाही, खरंच तिथे पाठवलंस.

तळ_गाठलेला

चिन्ह काढू नको. उणे ५० ते उणे ५ एवढं ठेव. बाकी शून्य.

रास्टरराव

बरोबर. त्या फाइलमध्ये जमिनीची उंचीही असते, अधिक चिन्हाने. चिन्ह काढलंस की समुद्रसपाटीपासून वीस मीटरवरची वाडी आणि वीस मीटर खोल पाणी एकच झालं. आपलं सोलापूर साडेचारशे मीटरवर, म्हणून वाचलं.

गेबकोचा एक चौकोन अक्षांश-रेखांशाच्या १५ सेकंदांचा, आपल्याकडे साडेचारशे मीटरच्या आसपास पडतो. वाऱ्याचा थर २५० मीटरचा. दोन्ही एका मापात आणताना बारीक मापाकडे नेलंस तर नकाशा देखणा दिसेल, पण खोलीची नवी माहिती त्यातून निघणार नाही. भाकरी कितीही बारीक कुस्करली तरी पीठ तेवढंच असतं. वाऱ्याला ईआरए-५ (हवामानाचा जागतिक डेटा) वापरणारे तर तीस किलोमीटरचा चौकोन घेतात आणि शंभर मीटरचा नकाशा छापतात. अशांना परीक्षकांनी सोडू नये.

वजनकाटा

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ, तो सगळे विसरले. सारखी वजनं चालतात का? माझ्या मते वजनांच्या आधी एक पायरी तू गाळलीस. काही गोष्टी गुण देण्याच्या नसतातच, त्या सरळ बाद करण्याच्या असतात. जहाजांचा मार्ग, नौदलाचा सरावाचा टापू, तेलाच्या नळ्या, समुद्रातल्या केबली, सागरी अभयारण्य. मालवणचं अभयारण्य १९८७ पासून आहे. मुंबई हाय किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर आहे आणि तिथून नळ्या किनाऱ्याकडे येतात. यांना तू "१ गुण" दिलास आणि तिथे वारा चांगला असेल, तर सरासरीत ती जागा पास होते. पोरगा गणितात नापास, पण चित्रकलेच्या मार्कांवर वर चढवला, त्यातला प्रकार. आधी बाद करायच्या जागा शून्याने गुणून टाक, मग उरलेल्यात वजनं.

वजनांसाठी एएचपी वापर. थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली पद्धत आहे. दोन-दोन निकषांची जोडी लावून विचारायचं, हा त्यापेक्षा किती पट महत्त्वाचा, १ ते ९. शेवटी सुसंगतीचं गुणोत्तर ०.१ च्या आत आलं पाहिजे.

तिरकस_आबा

वजनकाटा, पहिला परिच्छेद सोळा आणे. दुसऱ्यावर भांडण. ते ०.१ एवढंच सांगतं की माणूस स्वतःशी सुसंगत बोलला. आमच्या भावकीत एक जण चाळीस वर्षं सुसंगत बोलतोय, एकदाही बरोबर नाही. वारा मासेमारीपेक्षा पाचपट महत्त्वाचा, हे कोण ठरवणार? प्रोजेक्ट करणारा पोरगा आणि त्याचे सर. मग त्यावर तीन दशांश स्थळांपर्यंत आकडे काढायचे आणि त्याला विश्लेषण म्हणायचं.

वजनकाटा

आबा, सारखी वजनं हेही मतच आहे. एएचपीत निदान ते कागदावर येतं, कुणालाही खोडून काढता येतं.

तिरकस_आबा

हे मान्य. मग कागदावर आणा आणि बदलूनही बघा. वाऱ्याचं वजन ४० वरून ३० करा, अंतराचं वाढवा, दहा वेळा नकाशा काढा. दहाही वेळा हिरव्या राहतात तेवढ्याच जागांबद्दल बोला.

पवनपुत्र_साताऱ्याचा

चाळकेवाडीच्या पठारावर नऊ वर्षं पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम केलंय, म्हणून थोडं वाऱ्याबद्दल. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने वाढते. ७ मीटर प्रति सेकंद आणि ८ यांत कागदावर एकाचा फरक, पण ३४३ विरुद्ध ५१२, म्हणजे जवळजवळ दीडपट. त्यामुळे वाऱ्याला १ ते ५ गुण देताना सरळ पट्ट्या पाडू नको, ६-७ ला दोन आणि ७-८ ला तीन असं नसतं ते.

रास्टरराव

एक दुरुस्ती. ती दीडपट वाऱ्यात असते, विजेत एवढी येत नाही. ठरलेल्या वेगानंतर चक्की पूर्ण क्षमतेला पोचते, पुढचा वारा नुसता निघून जातो. आपल्याकडे तर जून ते ऑगस्ट अरबी समुद्रावर वारा बेफाम आणि नंतर ढिला. वर्षाची सरासरी बघून काही कळत नाही. महिन्यांचा लेयर लाव.

पवनपुत्र_साताऱ्याचा

दुरुस्ती मंजूर. पठारावर पण तसंच, पावसाळ्यात पाती थांबत नाहीत आणि ऑक्टोबरात आम्ही पत्ते खेळायचो. त्यात समुद्रात अजून एक मेख: वारा भरपूर त्या महिन्यांत दुरुस्तीची बोटच जाऊ शकत नाही. पठारावर निदान जीप चिखलात ढकलता यायची.

उजनीकर

एक अडाणी शंका. महाराष्ट्राचा समुद्र एवढा लांबलचक, मग सरकारी यादीत गुजरात आणि तमिळनाडूच का दिसतात?

वजनकाटा

उजनीकर, अडाणी कसली, परीक्षक हेच विचारणार. खलाशी, लिहून घे. २०१५ ला राष्ट्रीय धोरण आलं, जबाबदारी चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेकडे. सुरुवातीच्या अभ्यासांत वारा, खोली वगैरे थर एकावर एक ठेवूनच गुजरात आणि तमिळनाडूपुढे प्रत्येकी आठ टापू काढले. म्हणजे तू करतोयस तेच. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला वारा सगळ्यात जोरकस, खंबातच्या आखातात वारा बरा आणि पाणी उथळ. कोकणपुढचा वारा त्यामानाने मवाळ. २०१७ मध्ये पिपावावपुढे, किनाऱ्यापासून २३ किलोमीटरवर, समुद्रात मचाण उभं करून लायडारने, म्हणजे लेसरच्या यंत्राने, वारा मोजायला घेतला. जून २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली, दोन्ही राज्यांपुढे ५००-५०० मेगावॅटसाठी. त्यातले ६०० कोटी दोन बंदरं सुधारायला. तुझा बंदराचा लेयर उगाच नाही.

कडक_भाकरी

५०० मेगावॅटला समुद्र किती लागतो? आपल्या भाषेत सांगा.

वजनकाटा

चौरस किलोमीटरला ५ मेगावॅट धरतात ढोबळमानाने, म्हणजे १०० चौरस किलोमीटर. सोलापूर महापालिकेची हद्द १७८ च्या आसपास आहे. निम्म्याहून जास्त शहर. पात्यांच्या चक्राचा व्यास २२० मीटरचा असला तर वाऱ्याच्या दिशेने दोन चक्क्यांत दीड किलोमीटर तरी सोडावे लागतात, नाहीतर पुढची मागचीचा वारा खाते.

कडक_भाकरी

म्हणजे पार्क चौकात एक आणि पुढची पार सात रस्त्यापलीकडे. कळलं.

तिरकस_आबा

वजनकाटांच्या गुजरात-महिम्यात एक भर. १७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते वादळ दीव आणि उनाच्या मध्ये जमिनीवर आलं. नकाशात पिपावाव तिथून किती लांब ते बघा. वादळांच्या वाटांचा लेयर कुणी काढलाच नाही इथे. आणि भावनगरकडे भरती-ओहोटीत दहा मीटरहून जास्त फरक पडतो. उणे ५ मीटर ही खोली तिथे सकाळची का दुपारची?

माळरान_प्रेमी

वाचतोय केव्हापासून. पक्ष्यांचा लेयर कुणाच्याच यादीत नाही, म्हणून लिहितोय. आपल्याला हे दुसऱ्या कुणी शिकवायला नको. नान्नजला १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य केलं. मी शाळेत असताना वडिलांच्या सायकलवर बसून गेलो होतो, गवतात मान वर काढून उभा असलेला एक नर दिसला होता, अजून डोळ्यांपुढे आहे. आता तिथे वर्षभर फिरा. माळढोकला समोरचं नीट दिसत नाही, शरीर जड, विजेच्या तारा चुकवता येत नाहीत. राजस्थान आणि गुजरातेतल्या तारांवरून २०२१ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. नकाशात अभयारण्याची हद्द असते, पक्ष्याची वाट नसते. समुद्रातली वीज शेवटी किनाऱ्यावर येऊन तारांनीच जाणार ना? तो पट्टापण बघ.

शेंगाचटणी

आणि विमानांचा लेयर! आपल्याएवढा तो कुणाला कळणार. साखर कारखान्याच्या एका चिमणीवरून किती वर्षं शहर दोन भागांत वाटलं होतं, शेवटी २०२३ ला पाडली. आधी विमानतळ का आधी चिमणी, यावर आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत.

उजनीकर

चिमणीवर नको रे बाबा, धागा वाहून जाईल.

तिरकस_आबा

आधी चिमणी.

उजनीकर

आबा!!

सहकार_महर्षी_नाही

साखर कारखान्याचा सभासद आहे, त्यामुळे मला आवडलेली गोष्ट सांगतो. कोपनहेगनपुढे समुद्रात मिडलग्रुंडेन म्हणून पवनचक्क्या आहेत, २००० सालच्या. वीस चक्क्या, दोन-दोन मेगावॅटच्या. त्यातल्या निम्म्या एका सहकारी संस्थेच्या, आठ हजारांहून जास्त सभासद. आणि धाग्याशी संबंध असा की आधीचा आराखडा २७ चक्क्यांचा, तीन रांगांत होता. लोकांच्या सुनावण्या झाल्या, शहरातून बघायला बरं दिसेना, मग एकाच कमानीत वीस ठेवल्या. डोळ्यांना कसं दिसतं हाही एक लेयर झाला. त्याच देशात १९९१ मध्ये जगातला पहिला समुद्री प्रकल्प झाला, विंडेबी, अकरा चक्क्या मिळून पाच मेगावॅट. आपल्या कारखान्यांचे सहवीज प्रकल्प त्याहून मोठे.

कडक_भाकरी

सर्वसाधारण सभा समुद्रात घेतात का? विरोधकांना पोहता येतं का बघून?

सातपाटीची_लेक

मी माहेरची सातपाटीची, लग्न होऊन सोलापुरात आले त्याला अठरा वर्षं झाली. इथे बोंबील मिळतात ते बघून रडू येतं, पण तो वेगळा धागा.

खलाशी बाळा, तुझ्या नकाशात मासेमारी कुठे आहे? वर जहाजांच्या मार्गांचं लिहिलंय. ते मार्ग एआयएसवरून, म्हणजे जहाजाची जागा कळवणाऱ्या यंत्रावरून काढतात, बरोबर? नवऱ्याला विचारलं, तो शिपिंगमध्ये होता. परदेशी फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना ते सक्तीचं आहे. आमच्या बाबांच्या बोटीवर नव्हतं. म्हणजे तुझ्या नकाशात आमचे बाबा नाहीतच. तिथे रिकामं पाणी दिसणार, आणि रिकामं म्हणजे योग्य.

डोल कशी लावतात माहीत आहे का? पिशवीसारखं लांबलचक जाळं, समुद्राच्या तळात खुंटे ठोकून त्याला बांधतात. पाण्याच्या ओढीने मासळी आत जाते. ती जागा रोज बदलत नाही. तिला आम्ही कव म्हणतो. कुणाची कव कुठे ते गावाला पाठ असतं, त्यावरून गावागावांत भांडणं झालीत, पंचायती बसल्यात. कागदावर कुठेच नाही. आणि उथळ पाणी, चिखलाचा तळ, किनाऱ्यापासून बेताचं अंतर, ही जी तुझी "अतिशय योग्य" जागा आहे ना, ती डोलीलाही अतिशय योग्य असते. दोघांना एकच जागा आवडते.

मी विरोध करत नाहीये. वाढवणला बंदर येतंय, तिथले लोक काय बोलतात ते मी सुट्टीत ऐकते, आणि वीज आम्हालाही हवीच आहे. पण हिरवा रंग देण्याआधी कुणीतरी विचारावं.

तिरकस_आबा

ताई, मी वर तीन प्रतिसाद लिहिले, त्यापेक्षा हा एक पुरे होता.

रास्टरराव

खरं आहे. डेटा नसलेला चौकोन आणि काहीच नसलेला चौकोन, सॉफ्टवेअरला दोन्ही शून्यच दिसतात. खलाशी, निदान तेवढा वेगळा रंग दे. करडा. "माहिती नाही" म्हणून.

माळावरचा_खलाशी

ताई, खूप आभार. मला हे कुठल्याच पेपरात सापडलं नव्हतं. कवींच्या जागा मिळवता येतील का? निदान दोन-चार?

सातपाटीची_लेक

माझ्या मामांचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. दुपारी झोपतात, चारनंतर कर. आणि आधी मासळी कशी आहे ते विचार, मग नकाशाचं काढ.

माळावरचा_खलाशी

सोमवार झाला. थोडक्यात वृत्तांत देतो.

खोली उणे ५० ते उणे ५ केली, बाद करायचे थर वेगळे लावले, प्रोजेक्शन बदललं. वजनं दहा प्रकारे बदलून नकाशे काढले. पहिल्या नकाशातला हिरवा समुद्र आता बघवत नाही इतका आक्रसलाय. दहाही वेळा टिकलेले तुकडे मोजकेच, बरेचसे उत्तरेला पालघरकडे, आणि ताई म्हणाल्या तसे नेमके त्यांच्याच पाण्यात. वाऱ्याचं म्हणाल तर तेही काठावरच पास. महिन्यांचा लेयर राहिला, वादळांचा पण. परीक्षकांनी उजनीकर काकांचाच प्रश्न विचारला, उत्तर पाठ होतं. मग करड्या रंगावर बोट ठेवून विचारलं, "हे काय? छपाई बिघडली का?" सांगितलं. वहीत काहीतरी लिहून घेतलं, काय ते दिसलं नाही.

मामांशी तीनदा बोललो. पहिल्या वेळी फक्त बोंबलांवर, वीस मिनिटं. दुसऱ्या वेळी पाच कवी सांगितल्या, अक्षांश-रेखांश नाहीत, अमुक डोंगर तमुक देवळाच्या कळसाच्या रेषेत आला की डावीकडे, असं. त्या रेषा मी नकाशावर ओढल्या आणि जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठिपका दिला. आता एकच अडलंय. खोली त्यांनी वावेत सांगितली. दहा वाव, बारा वाव. गेबकोच्या आकड्याशी ताडून बघतोय तर एका ठिकाणी तीन मीटरचा फरक येतोय. एक वाव म्हणजे नक्की किती धरायची?

वजनकाटा

सहा फूट. १.८३ मीटर.

सातपाटीची_लेक

ते पुस्तकात. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत, दोर असाच मापतात. मामा पाच फूट तीन इंच आहेत.

रास्टरराव

😂 घे. गुणक बदल आणि पुन्हा चालव.